चॅम्पियन सुकेळी

२ जानेवारी १९८३, रविवार. पहाटे (सव्वाआठ)

आजपासून नवा हरेश्वर राऊत. जुना ३१ डिसेंबरलाच संपणार होता, पण शेजारी कॉन्रॅडकडे न्यू इयरचा केक आणि इतर काही द्रव पदार्थ होते, म्हणून त्याला मुदत वाढवून दिली.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. पन्नास डिप्स. गोड बंद. पोट आत. आणि मुख्य म्हणजे, धंदा.

अंधेरीच्या पंप कंपनीत मी आठ वर्षं काय करतो? पंपांचे नंबर एका रजिस्टरातून दुसऱ्या रजिस्टरात उतरवतो. मी! १९७१ चा ठाणे जिल्हा जिम्नॅस्टिक्स चॅम्पियन, फ्लोअर एक्सरसाइज! स्पर्धेत तीनच जण होते आणि त्यातल्या एकाला ताप होता, असं चंद्रकांता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तापवाला दुसरा आला हेही सांगते. बायको म्हणजे घरातलीच विरोधी पार्टी.

साहेबांनी बिनपगारी रजा दिली आहे. सहा जूनला हजर झालो नाही तर जागा गेली. चंद्रकांतेची अटही तीच: पावसाच्या तोंडापर्यंत धंदा उभा राहिला तर ठीक, नाहीतर गुमान पंप. मी म्हटलं, मार्चपर्यंतच उभा करतो. ती तांदूळ निवडत होती.

३ जानेवारी

पाचला उठलो. थंडी होती. परत झोपलो. थंडीत स्नायू ताणणं शास्त्रीयदृष्ट्या धोक्याचं असतं.

धंदा ठरला. सुकेळी! वसईजवळच्या वटार गावात आपली वाडी, वाडीत राजेळी केळी. पिकलेलं राजेळी सोलायचं, आठवडाभर उन्हात वाळवायचं, झालं सुकेळं. चंद्रकांतेच्या माहेरी पिढ्यान्पिढ्या करतात. पण त्यात सायन्स नाही. सायन्स मी आणणार. ब्रँडचं नाव: चॅम्पियन.

चंद्रकांता म्हणाली की सुकेळ्याला सायन्स नको, ऊन आणि सबुरी लागते, आणि तुमच्याकडे त्यातलं एकच आहे आणि तेही देवाचं.

१० जानेवारी

वाडीत मांडव घातला, वर बांबूच्या तट्ट्या, तट्ट्यांवर केळी. रोज प्रत्येक केळं हाताने उलटायचं. सोपं वाटतं. नाही. दोन दिवसांत ती इतकी चिकट होतात की उलटायला गेलं की अर्धं तट्टीला, अर्धं बोटांना. चंद्रकांता पाण्याचा हात लावून हलकेच उचलते. माझी ग्रिप पडली चॅम्पियनची. मी उलटलेल्या केळ्यांवर पाचही बोटं उमटली आहेत. कॉन्रॅड म्हणाला, पोलिसात दाखवायला चांगली आहेत.

डिप्स: उद्यापासून. आज हात चिकट.

१२ जानेवारी. दुपारी

सापडलं!!

माळ्यावर जुना डबा. त्यात मॅग्नेशियम पावडर. हात घसरू नयेत म्हणून आम्ही जिम्नॅस्ट तळव्यांना चोळायचो ती, खडूसारखी पांढरी. तळव्यांना चोळली आणि केळी उलटली. एकही चिकटलं नाही! मग म्हटलं, तळव्यांना कशाला, केळ्यांवरच भुरभुरवूया. वर एक ऐट आली. जणू पिठीसाखर.

शिवाय मुंग्या येत नाहीत. तट्टीच्या पायापर्यंत येतात, विचार करतात आणि परत जातात.

चंद्रकांतेने विचारलं हे खायचं असतं का. मी सांगितलं की १९७१ साली यातली निम्मी माझ्या तोंडात गेली होती आणि मी चॅम्पियन झालो. ती म्हणाली, आणि ताप नसलेला तिसरा? तो काय खात होता? फाउंडरने प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

२३ जानेवारी

पहिली पाकिटं बोळिंजला गंगारामशेठच्या दुकानात ठेवली. शेठ खवचट. म्हणाले की चॅम्पियन कोण, केळं का तुम्ही. मी म्हटलं दोघं. त्यांनी एक खाऊन पाहिलं, म्हणाले गोड आहे, जरा पिठूळ लागतं. मी म्हटलं तेच तर सायन्स.

मी स्वतः चव घेतली नाही. गोड बंद आहे. चंद्रकांताही खात नाही. ती स्वतःपुरती वेगळी तट्टी लावते, पावडरीशिवाय. जुन्या वळणाची आहे. बदलाला वेळ लागतो.

३० जानेवारी

गंगारामशेठचा निरोप: माल संपला, आणखी पाठवा!

एका आठवड्यात! मी चंद्रकांतेकडे नुसतं पाहिलं. काही बोललो नाही. मग बोललो. मग जेवताना पुन्हा बोललो.

९ फेब्रुवारी

मार्केटचा अभ्यास करायला दुकानात जाऊन बसलो. निरीक्षणं:

गिऱ्हाईक बहुतेक वयस्क. तरुणांना अजून आपली व्हॅल्यू कळलेली नाही. लोक पाकीट हळू आवाजात मागतात आणि लगेच पिशवीच्या तळाशी घालतात. म्हणजे घरी पोरांनी फस्त करू नये म्हणून. शनिवारी संध्याकाळी खप जास्त. रविवारी माणूस घरी असतो, निवांत खातो.

शेठनी आपली पाकिटं बिस्किटांजवळून उचलून इसबगोल आणि त्रिफळा चूर्णाच्या शेजारी मांडली आहेत. आपणहून! मी आभार मानले. आरोग्याच्या वस्तूंत गणना झाली. शेठ माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं भारावले होते.

१५ फेब्रुवारी

कॉन्रॅडची बर्था मावशी स्वतः आली. उद्यापासून त्यांचा उपवासकाळ, ईस्टरपर्यंत मावशी गोड तोंडाला लावत नाही, ही ख्याती आहे. तरी दर आठवड्याला एक पाकीट लागेल म्हणाली. मी विचारलं, मावशी, उपवासात सुकेळं चालतं? तर म्हणाली की फादरना विचारून आले, पोरा, ते म्हणाले की जिभेसाठी खात नसशील तर पाप नाही.

जिभेसाठी नाही! मग कशासाठी? ताकदीसाठी. एवढ्या वयात! मला भरून आलं. मावशीने जाताना डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. दोन वर्षांचा त्रास गेला म्हणाली. कसला त्रास ते विचारणार होतो, पण चंद्रकांतेला एकदम खोकल्याची उबळ आली आणि ती आत पळाली.

चंद्रकांता हल्ली फार खोकते. डॉक्टरला दाखवायला हवं.

२ मार्च

अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी भागूबाई टोपली उतरवून दारात बसली. बोंबलांच्या बदल्यात पाकिटं हवीत म्हणाली. माज्या म्हाताऱ्याला दे, डाक्तरचा पानी पिऊन पिऊन थकला, तुज्या केल्याने सकाली माणसात आला. मी तिला समजावलं की सुकेळ्यात पोटॅशियम असतं. ती म्हणाली असंल, जा काय असंल ता जास्त घाल.

घातलं. ग्राहक म्हणजे देव. पावडर आता धोबीतलावच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून मोठ्या डब्याने आणतो. दुकानदाराने विचारलं, किती पोरं शिकवता? मी म्हटलं, आख्खा तालुका.

डिप्स: धंद्याच्या व्यापात राहिल्या. तसंही फाउंडरचं पोट थोडं पुढे असलं की विश्वास वाटतो.

२० मार्च

विरार, आगाशी, नालासोपारा, सगळीकडून मागणी. साहेबांना पत्र लिहायला घेतलं: "माझ्या जागी दुसरा कोणी पाहावा." चंद्रकांतेने कागद काढून घेतला. जून येऊ दे म्हणाली. विरोधी पार्टी!

एक मात्र मनात सलतं. एवढा खप, पण अजून कोणी म्हणालं नाही की राऊत, तुमची सुकेळी खाऊन अंगात चॅम्पियनची ताकद आली. फक्त बरं वाटलं म्हणतात. हलकं वाटलं म्हणतात. लोकांना शब्द सापडत नाहीत.

१८ एप्रिल

मोठी संधी! कॉन्रॅडच्या बहिणीचं, अँजेलिनाचं, लग्न ८ मेला. चर्चनंतर त्यांच्या वाडीत मांडवात जेवण, बँड, नाच. वसईतलं निम्मं जग येणार. मी कॉन्रॅडला सांगितलं की जेवणानंतर प्रत्येक पानावर चॅम्पियन सुकेळी, आपल्यातर्फे भेट. आणि संध्याकाळी बँड थांबला की स्टेजवर माझा हॅंडस्टँड. बारा वर्षांनी! कॉन्रॅड म्हणाला, हॅंडस्टँड राहू दे रे. मी म्हटलं लाजू नकोस.

आता रोज पहाटे भिंतीला पाय लावून सराव. म्हणजे उद्यापासून.

६ मे

एक गोष्ट कळून चुकली: मी नसतो तर हा धंदा कधीच बुडाला असता.

लग्नाची सुकेळी मी करते, तुम्ही हात लावू नका, असं चंद्रकांता आठवडाभर म्हणत होती. मी मोठ्या मनाने लावला नाही. आज सहज झाकण काढून पाहतो तर सगळीच्या सगळी उघडी! पावडरीचा कण नाही! लग्नासारख्या मोक्याला! तिला बोललो असतो तर वाद झाला असता, म्हणून ती विहिरीवर गेलेली पाहून मी स्वतः पावडर लावली. इज्जतीचा प्रश्न, म्हणून डबल हाताने लावली.

तिला काही सांगितलं नाही. संसारात असं सांभाळून घ्यावं लागतं.

८ मे, रविवार. दुपारी चार

मांडवातूनच लिहितो. लग्न सुरेख लागलं. अँजेलिना पांढऱ्या पोशाखात इतकी गोड दिसत होती की कॉन्रॅडच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवणं झाली. पानावर सुकेळी! लोकांनी दोन-दोन, चार-चार उचलली. बँडवाल्यांनी तर खिशात भरली. नवरदेवाला मी आग्रह करून पाच वाढली.

लोक म्हणू लागले, राऊत, तुम्ही खा. आज संकल्प मोडला. सगळ्यांसमोर सहा खाल्ली. उत्तम झाली आहेत. जरा पिठूळ.

चंद्रकांतेने माझ्याकडे पाहून विचारलं की यावर पांढरं काय आहे. मी डोळा मिचकावला. ती खुर्चीवर बसली आणि तिने कपाळाला हात लावला. आनंदाने माणूस बसतोच.

साडेसातला हॅंडस्टँड.

९ मे. घरी. पडून

काय लिहू.

सातला ट्रम्पेटवाला उठून गेला. मला वाटलं पाणी प्यायला. मग क्लॅरिनेट. मग ढोल. नवरदेव नाचता नाचता थांबला, अँजेलिनाच्या कानात काहीतरी बोलला आणि बाहेर गेला. म्हातारी माणसं मात्र निवांत बसून होती. त्यांनी एकेकच खाल्लं होतं, मुरलेले लोक. मी स्टेजवर चढलो. चॅम्पियन कधी माघार घेत नाही. हात टेकले, पाय वर घेतले. टाळ्या झाल्या. एक क्षण, अगदी एकच क्षण, मी सरळ उभा होतो, उलटा. १९७१!

आणि मग मला कळलं की ट्रम्पेटवाला पाणी प्यायला गेला नव्हता.

उतरलो कसा ते आठवत नाही. वाडीच्या टोकाला गेलो तर तिथे रांग. रांगेत नवरदेव. त्याने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आजवर कोणी पाहिलेलं नाही. केळीच्या बागेत इतकी माणसं इतक्या शांतपणे एकमेकांकडे पाठ करून बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मी त्यांच्यातलाच एक होतो.

१० मे

डॉक्टर सॅन्टन येऊन गेले. तेही पाहुण्यांत होते. तीन खाल्ली होती. मग डबा मागितला, चिमूट जिभेवर ठेवली आणि हसायला लागले ते थांबेचनात. मग सांगितलं की अहो राऊत, पोट साफ व्हायला आम्ही मॅग्नेशियाचं औषध देतो ना, त्याचीच ही बहीण. चार महिने तुम्ही तालुक्याला जुलाब विकताय.

मी विचारलं, म्हणजे लोक ताकदीसाठी घेत नव्हते? डॉक्टर म्हणाले की ज्याचं दोन-दोन दिवस अडतं त्याला विचारा ताकद कशाला म्हणतात.

इसबगोल. त्रिफळा. शनिवार संध्याकाळ. बर्था मावशीचा त्रास. चंद्रकांतेचा खोकला!

सगळ्यांना ठाऊक होतं. एकटा चॅम्पियन तेवढा अडाणी. उशीत तोंड घालून रडलो. खोटं कशाला लिहू, रडलो.

११ मे

कॉन्रॅडकडे माफी मागायला गेलो. दार अर्धंच उघडलं. बहिणीचं लग्न एकदाच होतं, हरेश्वर, एवढंच म्हणाला. आतून बर्था मावशी ओरडली की त्याला आत घे, येशूच्या वेळी काना गावच्या लग्नात वाइन कमी पडली तेव्हा कोणी रडत बसलं नव्हतं. कॉन्रॅडने घेतलं नाही.

१३ मे

चंद्रकांतेला विचारलं कधीपासून माहीत. फेब्रुवारीपासून म्हणाली. मग बोलली का नाहीस?

ती म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बंद केलं असतं, आणि जूनमध्ये परत पंप. आठ वर्षं संध्याकाळी तुमचं तोंड मी बघितलंय. जानेवारीपासून तुम्ही वाडीत शिट्टी वाजवता. मला ती शिट्टी मोडायची नव्हती.

मी शिट्टी वाजवतो हे मला ठाऊकच नव्हतं.

१४ मे

ठराव: पावडर बंद. धंदा करीन तर नुसत्या केळ्याचा. चॅम्पियन हरेल पण जुलाब विकणार नाही.

२८ मे

हरला.

नुसती सुकेळी, अस्सल, चंद्रकांतेच्या हातची, मधासारखी. गंगारामशेठनी सगळी परत पाठवली. लोक म्हणतात माल बिघडला. नुसतंच गोड लागतं म्हणतात! भागूबाईने दारात टोपली आपटली आणि म्हणाली की माजा म्हातारा तीन रोज झाले, नुसता बसून हाय, तुजा गुन गेला. बोंबील दिले नाहीत.

सहा जूनला पंप. ऑफिसची पँट काढून पाहिली. बटण लागत नाही.

३१ मे

आज कॉन्रॅड आपणहून आला. ओट्यावर बसला. इकडचं तिकडचं बोलला. मग खाली बघत म्हणाला की अँजेलिनाचा सासरा विचारत होता, ती लग्नातली मिळतील का. एकच हवंय. त्या लग्नाच्या रात्री इतका शांत झोपला तो, की तिच्या सासूने चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

आम्ही दोघं हसत सुटलो. हसता हसता त्याने माझ्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिली. ती माझी होतीच. घेतली.

३ जून

चंद्रकांता परस्पर डॉक्टर सॅन्टनकडे जाऊन आली. काय ठरवून आली ते मला पान वाढताना सांगितलं. धंदा चालू राहील. पण चोरून नाही. मैदानावरची पावडर नाही, केमिस्टकडची, डॉक्टर सांगतील त्या मापाने, आणि परवानगीचं काय ते डॉक्टर बघतील. पाकिटावर स्वच्छ छापायचं: रात्री एकच खावे, मुलांना देऊ नये. आणि साधी सुकेळी वेगळ्या पाकिटात, तिच्या आईच्या नावाने.

मी म्हटलं, म्हणजे मी फाउंडर कशाचा? ती म्हणाली, शोध तुमचाच आहे. तो कोणी घेत नाही, घाबरू नका.

५ जून, रविवार

नव्या पाकिटाचं प्रूफ आलं. वर नाव: चॅम्पियन. त्याखाली माझा फोटो! चंद्रकांतेने न सांगता छापायला दिला होता.

पण हॅंडस्टँडचा नाही. लँडिंगचा. उडी मारून जमिनीवर येतानाचा तो क्षण: गुडघे पूर्ण वाकलेले, बूड जमिनीला टेकायच्या बेतात, हात पुढे, डोळे मिटलेले, दातओठ खाल्लेले. आणि खाली लाल अक्षरांत: सकाळची खात्री.

मी म्हटलं, दुसरा फोटो नव्हता? ती म्हणाली की बाकी सगळ्यांत तुमचं डोकं खाली आहे, माणूस ओळखू येत नाही. आणि हा माझ्या माहेरच्या पेटीत होता. स्थळ आलं तेव्हा तुमच्या घरून हाच पाठवला होता. हा बघूनच मी हो म्हटलं होतं.

या फोटोला? मी पुन्हा नीट पाहिला. ती म्हणाली, हो, मला वाटलं हा माणूस जे करील ते मनापासून करील.

प्रूफवर सही केली. मग राजीनामा लिहिला. कारण: स्वतःचा व्यवसाय. कसला ते लिहिलं नाही. चंद्रकांता म्हणाली, साहेब दिवसभर खुर्चीत कसे अवघडून बसतात ते तुम्हीच सांगत होता ना? मग राजीनाम्याला एक पाकीट जोडा.

जोडलं.